पाण्याशी मैत्री, पण भरती पाहून!

मे महिन्याची सुट्टी लागली की गावोगावच्या तरणतलावांसमोर फॉर्म घ्यायला रांगा लागतात. रांगेत बहुतेक आयाच असतात. मुलाचा फोटो, मुलीचं मेडिकल सर्टिफिकेट, फीचे पैसे असं सगळं पिशवीत नीट घेऊन आलेल्या. पुढे महिनाभर याच आया कठड्याबाहेरच्या बाकावर टॉवेल आणि खाऊचा डबा घेऊन बसतात. मूल पाण्यात, आई बाकावर. "तुम्ही नाही का शिकत?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अहो, आता या वयात? मी कशाला!"

म्हणूनच कुडाळच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. वय 41, दोन मुलं, नगरपंचायतीच्या हद्दीत घर. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. तिची लेक शहरात शिकते आणि तिथे फिन स्विमिंगचा सराव करते. सुट्टीत तिने आईलाही फिन्स घालून पाहायला लावले. आईला ते इतकं आवडलं की आता ती विचारते आहे, "ताई, तुम्ही माहीमला अगदी समुद्राकाठी राहता. हे फिन्स घालून समुद्रात पोहायला चांगली जागा कुठली? आणि सामान घेताना काय बघायचं?"

प्रश्न दिसायला साधा आहे, पण बाईने समुद्रात उतरावं का, कुठे उतरावं आणि तिला उतरता यावं म्हणून कोणी काय करायला हवं, हे सगळं त्यात येतं. म्हणून उत्तर पत्राने न पाठवता इथेच देते.

फिन स्विमिंग म्हणजे काय?

पायात बदकाच्या पंजासारखे रबरी किंवा प्लास्टिकचे फिन्स घालून पोहायचं, ते फिन स्विमिंग. दोन पायांत दोन वेगळे पंजे असतील तर बाय-फिन्स, आणि दोन्ही पाय एकाच रुंद पात्यात अडकवले तर मोनोफिन. मोनोफिन घातलेली मुलगी पाण्यात अगदी मासोळीसारखी दिसते. तोंडासमोरून डोक्यावर जाणारी श्वासाची नळी, म्हणजे स्नॉर्केल लावलं की मान वळवावी लागत नाही. आजच्या रबरी फिन्सचं पहिलं पेटंट 1933 साली लुई द कोर्लियू या फ्रेंच माणसाने घेतलं. या खेळाची जागतिक संघटना सीमास 1959 पासून काम करते आणि 1981 पासून वर्ल्ड गेम्समध्ये हा खेळ आहे. वेग म्हणाल तर साध्या पोहण्यात जगातला सर्वात वेगवान पुरुष 50 मीटरला एकवीस सेकंदांच्या आसपास घेतो. तेच अंतर मोनोफिनवाले श्वास रोखून पंधरा सेकंदांच्या आत कापतात!

आपल्याला विक्रम करायचे नाहीत. पण चाळिशीतल्या बाईला यातून काय मिळतं ते सांगते. पाण्यात शरीराचा भार गुडघ्यांवर येत नाही. फिन्समुळे थोड्या श्रमात पुढे सरकता येतं, त्यामुळे 'मला जमतंय' हा धीर लवकर येतो. मांड्या, पोट, कंबर यांना चांगला व्यायाम होतो. मात्र घोटे आणि पोटऱ्यांवर ताण येतो, तो बेताने वाढवायचा. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास किंवा फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही.

बायका आणि खुला समुद्र

समुद्र म्हणजे पुरुषांचं काम, असं अजूनही म्हटलं जातं. पण कोलकात्याच्या आरती साहा यांनी 29 सप्टेंबर 1959 रोजी इंग्लिश खाडी पोहून पार केली तेव्हा त्या आशियातल्या पहिल्या महिला ठरल्या. महिनाभर आधी, ऑगस्टमध्ये, त्यांचा पहिला प्रयत्न किनारा जवळ आला असताना फसला होता. तरी त्या पुन्हा उतरल्या आणि 16 तास 20 मिनिटं पोहल्या. आपल्या मुंबईच्या अनिता सूद यांनी 1987 साली हीच खाडी पार केली. 1994 मध्ये मुंबईच्याच रुपाली रेपाळेने ती पार केली तेव्हा ती अवघी 12 वर्षांची होती.

आणि जिया राय! आमच्या माहीमच्या किनाऱ्यावरून वांद्रे-वरळी सी लिंक समोर दिसतो. तिथून गेट वे ऑफ इंडियापर्यंत 36 किलोमीटर अंतर ही मुलगी 17 फेब्रुवारी 2021 रोजी 8 तास 40 मिनिटांत पोहली. नौदलातल्या एका नौसैनिकाची ही मुलगी स्वमग्न आहे. पुढे 2022 मध्ये तिने पाल्कची सामुद्रधुनी आणि 2024 मध्ये इंग्लिश खाडी पार केली. अशा मोठ्या पोहण्यात फिन्स चालत नाहीत, फक्त पोशाख, टोपी आणि गॉगल. पण या सगळ्या जणींच्या बाजूने पूर्ण वेळ बोट होती, जाणकार माणसं होती आणि मागे वर्षानुवर्षांचा सराव होता. शौर्याच्या बातम्या वाचताना आपण नेमकं हेच विसरतो.

माहीमचा समुद्र: खरं ते सांगते

आता मूळ प्रश्न. माहीमला फिन्स घालून समुद्रात पोहावं का? उत्तर आहे, नाही. मी इथे राहते, या किनाऱ्यावर माझा जीव आहे, तरीही नाही.

माहीमच्या खाडीला मिठी नदी मिळते. ती आपल्याबरोबर उपनगरांचं सांडपाणी आणि वस्त्या-कारखान्यांचा मैला घेऊन येते. पोहण्यायोग्य समुद्राच्या पाण्यात शंभर मिलिलिटरमागे मैल्यातले जंतू, म्हणजे फीकल कोलिफॉर्म, 100 पेक्षा जास्त असू नयेत असं आपल्याकडचं प्रमाण आहे. मुंबईच्या किनाऱ्यांवर हा आकडा कितीतरी पटींनी ओलांडला जातो. असं पाणी तोंडात गेलं तर जुलाब, कावीळ, कानाचे आणि त्वचेचे विकार होऊ शकतात. शिवाय वाळूत काचा, पाण्यात प्लास्टिक आणि तुटकी जाळी. फिन जाळ्यात अडकला तर चांगला पोहणाराही घाबरतो.

पावसाळ्यात आणि गणपतीच्या सुमारास आणखी एक त्रास असतो. 2013 साली गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पाकट माशांनी अनेक भाविकांच्या पायांना दंश केला होता, ते आठवत असेल. 2018 च्या ऑगस्टमध्ये जुहूला ब्लू बॉटल नावाच्या निळ्या जेलीफिशने कित्येकांना पोळलं. पाकटाचा काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. जेलीफिश चिकटली तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं.

आमच्या कोळीवाड्यातली एक मावशी हे सगळं ऐकून म्हणाली, "बाई, आमच्या लहानपणी पोरं याच पाण्यात डुंबायची. आता नातवाला मीच ओढून बाहेर काढते." ज्यांचं आयुष्य या समुद्रावर उभं आहे त्यांनी असं म्हणावं, याची शरम आपल्या सगळ्यांना वाटायला हवी. 2017 पासून काही नागरिक माहीमच्या किनाऱ्यावरचा कचरा हातांनी उचलत आले आहेत. रेतीबंदरची चौपाटी सुशोभित झाली. जानेवारी 2023 मध्ये मुंबईतल्या सात सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पांची पायाभरणी झाली. पण बाकं आणि दिवे लावून पाणी शुद्ध होत नाही. ज्या दिवशी इथल्या कोळणीची नात बिनधास्त या पाण्यात उतरेल, त्या दिवशी किनारा सुधारला असं मी म्हणेन.

मग जायचं कुठे?

आधी तलाव, मग समुद्र. दादरच्या शिवाजी पार्कजवळचा महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव, पुण्याचा टिळक तलाव, ठाण्याचा मारोतराव शिंदे तरणतलाव ही शहरांतली जुनी नावं. तुमच्या गावी नगरपरिषदेचा, क्रीडा संकुलाचा किंवा एखाद्या शाळेचा तलाव असेल. फिन्स घालू देतात का ते आधी विचारून घ्या. गर्दीच्या वेळी देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, कारण पात्याचा फटका दुसऱ्याला लागतो. न थांबता 400 मीटर पोहता येणं, पाठीवर निवांत तरंगता येणं आणि उभ्याउभ्या पाय मारत पाच मिनिटं पाण्यात राहता येणं, या तीन गोष्टी फिन्सशिवाय जमल्या पाहिजेत. फिन पायातून निसटला तर परत यायचं आहे ना!

समुद्राच्या बाबतीत कुडाळच्या मैत्रिणीचं नशीब आमच्याहून चांगलं. मालवण तिच्यापासून तासाभरावर. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांत प्रवाळ आणि रंगीत मासे आहेत. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे. तिथे पाण्यातल्या साधनांची ओळख शिकलेल्या माणसांकडून होते. मालवणच्याच चिवला बीचवर साधारण डिसेंबरात राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. त्यात शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे पोहतात. निदान एकदा जाऊन नुसतं बघा, भीती निम्मी जाते. मुंबईत संक रॉक ते गेट वे ही समुद्रातली जुनी शर्यत आहे, पण ती पट्टीच्या पोहणाऱ्यांची. गोव्याला ग्रँड आयलंडजवळ स्नॉर्केलिंगसाठी बोटी जातात. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेट आहे.

हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा पाणी शांत आणि नितळ असतं. पावसाळ्यात अजिबात नाही. कोळी बांधव जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लावतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करूनच पुन्हा निघतात, ते उगीच नाही. बोटीने गेलात तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका आणि जास्त माणसं भरलेल्या बोटीत चढू नका. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून माणसं दगावली, हे विसरायचं नाही.

साहित्य घेताना

फिन्स: सुरुवातीला आखूड, मऊ रबराचे घ्या. एखाद्या बऱ्या चपलांच्या जोडाइतक्या किमतीत मिळतात. मोनोफिन महाग असतो आणि दोन्ही पाय बांधले जातात, म्हणून तो शिक्षकाशिवाय नाही. लांब पाती नवशिक्यांच्या पोटरीत गोळा आणतात. पूर्ण पाऊल झाकणारे फिन्स तलावाला चांगले, मागे पट्टा असलेले खडकाळ किनाऱ्याला. शक्यतो दुकानात जाऊन, पाय ओला करून घालून बघा. टाच हलता कामा नये, पण बोटंही चिमटता कामा नयेत. संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असतात, तेव्हा माप घेतलेलं बरं. मोठ्या शहरांतल्या खेळाच्या दुकानांत मिळतात. ऑनलाइन मागवलेत तर बदलून देण्याची सोय आधी पाहा.

मास्क आणि स्नॉर्केल: समुद्रात तळाकडे बघायचं असेल तर नाक झाकणारा मास्क हवा. पोहण्याचा साधा गॉगल घालून खोल बुडी मारू नये, डोळ्यांवर दाब येतो. मास्कची परीक्षा सोपी आहे. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. काच टेम्पर्ड आणि कडा सिलिकॉनच्या असाव्यात.

बाकीचं: भडक नारिंगी किंवा पिवळी टोपी, कमरेला दोरीने बांधून मागे तरंगणारा रंगीत फुगा (स्विम बॉय) आणि शिट्टी. समुद्रात लांबून माणसाचं डोकं नारळाएवढंही दिसत नाही, म्हणून बोटवाल्याला दिसेल असा रंग हवाच. काखेत आणि मानेला व्हॅसलीन लावलं तर कपड्याने सोलवटत नाही.

घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. फिन्स टोकावर उभे करून ठेवले तर पाती वाकतात, आडवे ठेवा. आणि फिन्स घालून किनाऱ्यावर पुढे तोंड करून चालू नका, हमखास पडाल. उलटं, मागे मागे चालत पाण्यात शिरायचं. पाय सायकल मारल्यासारखे गुडघ्यातून नाही, कमरेपासून हलवायचे. पोटरीत गोळा आला तर पाठीवर तरंगत फिनचं टोक आपल्याकडे ओढून धरायचं.

कालनिर्णय बघा आणि मगच उतरा

पोहणाऱ्या मुलींकडे मोबाइलवर भरतीच्या वेळा असतात. पण आपल्या कोकणातल्या आज्यांकडे याहून जुनं गणित आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. सकाळी सहा, संध्याकाळी सहा, आणि मधे बाराच्या सुमारास ओहोटी. भिंतीवरच्या कालनिर्णयवर एकादशी-चतुर्थी बघताना हेही बघता येतं! हा अंदाज आहे, नेमकी वेळ स्थानिक कोळ्याला किंवा छापील तक्त्याला विचारून पक्की करायची.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि ओढही जास्त असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, ती सौम्य. नवख्यांनी भांगाचे दिवस निवडावेत. भरती चढत असताना उतरावं आणि ओहोटी लागायच्या आत बाहेर यावं. ओहोटीला वाळू मोकळी दिसते म्हणून आत लांबवर चालत जाऊ नये. पाण्याने आत ओढायला सुरुवात केली तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजत बसायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहायचं, ओढ संपली की मग वळायचं. एकटीने कधीही उतरायचं नाही. आणि पाण्याखाली श्वास रोखण्याची पैज तर मुळीच लावायची नाही, त्यात चांगले पोहणारेही शुद्ध हरपून बुडतात.

हा शौक नाही, गरज आहे

"ताई, आम्हाला स्पर्धेत थोडंच उतरायचंय?" असं कोणी म्हणेल. ठीक आहे. पण 1 फेब्रुवारी 2016 चा मुरूडचा दिवस आठवा. सहलीला आलेले पुण्याचे 14 विद्यार्थी समुद्रात बुडाले. त्यांत मुली जास्त होत्या. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या संस्थेने केलेल्या पाहणीत आढळलं, की तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट बायका गेल्या. पुरुष होड्यांवर किंवा बाहेरगावी होते, बायका किनाऱ्यावर होत्या. अनेकींना पोहता येत नव्हतं, झाडावर चढता येत नव्हतं, कडेवर मूल होतं, अंगावर पाच-सहा वारांची साडी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 या एका वर्षात जगात तीन लाख माणसं बुडून मेली. त्यांत लहान मुलं फार. आणि लहान मुलाच्या सगळ्यात जवळ कोण असतं? आई. तिलाच पोहता येत नसेल तर?

कपड्यांचा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. आता हात-पाय पूर्ण झाकणारे लायक्राचे पोशाख सहज मिळतात. ऑस्ट्रेलियात अहेदा झनेटी यांनी 2004 मध्ये डोकं झाकणारा बुर्किनी शिवला आणि कितीतरी मुस्लिम मुली पाण्यात उतरल्या. आमच्या माहीमला हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन सगळ्या जणी शेजारी राहतात. "झाकलेला पोशाख चालतो" एवढं कळल्यावर ज्यांचे चेहरे खुलले, त्या तिन्ही घरांतल्या होत्या. सुती सलवार-कमीज मात्र नको, ते पाणी पिऊन जड होतं आणि पायांत गुंततं. पाळीच्या दिवसांत नको वाटलं तर सुट्टी घ्या, पण ते चार दिवस म्हणून वर्षभराचा क्लास सोडू नका.

खरी अडचण वेगळीच आहे. कित्येक गावांत तलाव आहे, पण महिलांची वेळ दुपारी साडेबाराची. घरी जेवणं वाढायच्या वेळेला! किंवा महिला प्रशिक्षकच नाही. किंवा कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला कडी नाही. मग चार बायका येतात, दोन होतात आणि "बायकांचा प्रतिसाद नाही" म्हणून बॅच बंद. प्रतिसाद नाही की सोय नाही, हे कोण विचारणार?

आपणच विचारायचं. दहा जणींनी सह्या करून नगरपरिषदेत अर्ज द्या. सकाळी मुलं शाळेत गेल्यानंतरची वेळ मागा, महिला प्रशिक्षक मागा, कडी मागा. नगरसेविकेला गाठा. ती आपल्या वॉर्डाची आहे आणि बहुधा तिलाही पोहता येत नसेल, तिचं नावही यादीत घाला! किनाऱ्यावरच्या गावांत ग्रामपंचायतीकडे भरती-ओहोटीच्या वेळांचा फळा आणि जीवरक्षक मागा. हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलची वाटी देण्याऐवजी एखाद्या वर्षी पोहण्याची टोपी दिली तर काय बिघडलं?

कुडाळच्या मैत्रिणीला माझं सांगणं इतकंच. लेकीबरोबर आधी तलावात तीन महिने सराव कर. आखूड फिन्स घे. डिसेंबरात भांगाचा दिवस बघून, जाणकार माणूस आणि बोट बरोबर घेऊन मालवणला उतर. आणि जाताना शेजारच्या दोघींना घेऊन जा. त्या काठावर बसतील, टॉवेल सांभाळतील. पुढच्या वर्षी मात्र त्यांना पाण्यात उतरवायचं काम तुझं!